आतली कड

"अण्णा, तुमच्या भाकरीला रक्त लागलंय."

बिरदेव असं म्हणाला तेव्हा बसलिंगप्पांचा घास तोंडापाशी पोचला होता. त्यांनी भाकरीकडे पाहिलं. कडक भाकरीच्या तुकड्यावर लाल डाग होता खरा.

"चटणी आसंल की."

"चटणी गळत न्हाय, अण्णा. हात बघा तुमचा."

बसलिंगप्पांनी उजवा तळवा वर केला. मधल्या बोटाच्या बुडाशी, जिथे तीस वर्षांचे घट्टे बसले होते तिथे, केसाएवढी बारीक तार रुतली होती. टोक तेवढं बाहेर होतं. भाकरी मोडताना ती आणखी आत गेली असावी, कारण रक्ताचा ओघळ पार मनगटापर्यंत आला होता.

"आणि तुमी जेवताय? दुखत न्हाय व्हय?"

दुखत नव्हतं. तीच तर खरी गोष्ट होती.

बिरदेवनं बारीक तोंडाची पक्कड आणली, तार धरली आणि ओढली. दुसरा कोणी असता तर आईला हाक मारली असती. अण्णा शांतपणे बघत राहिले, जणू काटा शेजाऱ्याच्या हातातला निघत होता. बिरदेवनं तार उजेडात धरून फिरवली. तोही याच धंद्यात चाळिशीला आलेला माणूस, त्याला ओळखायला काय वेळ लागणार!

"ही टायरच्या पोटातली तार हाय," तो म्हणाला. "पार झिजल्याबिगर ही भाईर येत न्हाय. कुठनं लागली?"

सकाळी आंघोळ करून कपाळाला इभूत लावली तेव्हा हात स्वच्छ होता. लग्न झाल्यापासून इभूतीची वाटी बायको महानंदा स्वतः पुढे धरते. तार असती तर तिला दिसली असती. दुकानात आल्यावर गाड्या झाल्या दोन. पहिली शाळेची व्हॅन, तिचे टायर नवे कोरे, अंगावर रबराच्या मिशासुद्धा तशाच. आणि दुसरी...

बसलिंगप्पांनी भाकरी खाली ठेवली. दुसरी ती पिवळी गाडी. पाऊण तासापूर्वी ती पुण्याच्या रस्त्याला लागली होती.

सोलापुरात चाकं सरळ करणारे काय कमी आहेत? पण होटगी रस्त्यावरच्या या दुकानात लोक अण्णांच्या हातासाठी येत. अलाइनमेंटचं मशीन इथे आलं बारा वर्षांपूर्वी. त्याआधी सुतळी ताणून काम चालायचं, आणि सुतळीच्याही आधी बसलिंगप्पांचा तळवा टायरवरून फिरायचा. डोळे मिटून आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट्या दिशेनं करवतीचे दात लागले, की चाकांची तोंडं वाकडी. दोन्ही कडा झिजल्या असतील तर मालकाला हवा भरायचा कंटाळा. मधली पट्टी झिजली असेल तर मालक हवा जरा जास्तच भरतो, आणि बहुतेक वेळा बोलतोही तसाच. एकच कड गेली असेल तर चाक झुकलंय. अण्णा एवढं सगळं डोळे न उघडता सांगायचे आणि मग मशीनचा पडदा तेच बोलायचा. गिऱ्हाईक थक्क! मालक उदयसिंह तर कौतुकानं म्हणायचे, "मशीन मी अण्णांची परीक्षा घ्यायला आणलंय."

आणि मग दीड वर्षापूर्वी एका सकाळी दात लागेनासे झाले. आतून बाहेर गुळगुळीत, बाहेरून आतही गुळगुळीत. त्यांना वाटलं, टायर चांगला आहे. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी घरी विळीच्या धारेवर बोट ठेवून पाहिलं, धार कळलीच नाही, आणि मग मात्र ते बराच वेळ मोरीच्या दाराशी उभे राहिले. साखरेचा आजार दहा वर्षांचा, गोळ्या चालू होत्या. डॉक्टरला हाताचं सांगायला हवं होतं. पण हात दाखवून अवलक्षण कशाला! त्यांनी महानंदालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं स्वतःशीच म्हणत ते कामाला येत राहिले.

तेव्हापासून ते हात फिरवत तो नुसता फिरवायचा म्हणून. खरं काम डोळे आणि कान करत. "गाडी कुठल्या अंगाला वढती?" असं गिऱ्हाइकालाच विचारायचं, बाहेरची नक्षी बघायची, इतक्या वर्षांच्या अनुभवाची त्यात भर घालायची आणि सांगून टाकायचं. ते जमत गेलं. जमत गेलं हेच वाईट झालं.

आज ती पिवळी गाडी आली बार्शीहून, अण्णांच्या हातासाठी वाट वाकडी करून. पृथ्वीराज नावाचा तिशीतला पोरगा, घरची धान्याची अडत. त्यानं हैदराबादहून ही शर्यतीच्या जातीची गाडी जुनी विकत घेतली होती. इतकी बसकी, की रॅम्पवर चढवायला आधी लाकडी फळ्या टाकाव्या लागल्या. दोनच सीटा, एकीवर तो आणि दुसरीवर त्याची सत्तरीची आई, मथुराबाई. भाचीच्या घराची वास्तुशांत होती पुण्यात. गाडीतून उतरताना बाईंना दोघांनी हात दिला.

"आरं देवा, ह्यात बसायचं म्हंजी पाटावर बसल्यागत हाय," त्या म्हणाल्या. "लाखांची गाडी आन बसायचं भुईला!"

सगळे हसले. अण्णाही हसले. मग नेहमीसारखे चारी चाकांपाशी बसले, डोळे मिटून हात फिरवला आणि उठून म्हणाले, "टायर झकास हाईत. चार महिने बघू नका."

गाडी डावीकडे ओढत होती. बिरदेवनं रॅम्पखाली जाऊन पुढच्या चाकांची तोंडं सारखी केली. मागच्या चाकांकडे तो बघायलाही गेला नाही. अण्णांचा हात फिरला की पुन्हा कोणी टायर बघायचा नाही, हा या दुकानाचा शिरस्ता; बघणं म्हणजे अण्णांचा अपमान. पडद्यावर चारी चाकं हिरवी आली आणि गाडी गेली.

आता हातातली तार बघताना अण्णांना सगळं लख्ख कळत होतं. अशी गाडी वळणावर रस्ता सोडू नये म्हणून तिची मागची चाकं कारखान्यातूनच वरच्या बाजूनं जरा आत झुकवलेली असतात. मशीनच्या लेखी तो झुकाव बरोबरच, म्हणून हिरवं. पण त्या झुकावानं आतली कड जास्त घासते. बाहेरची नक्षी नव्यासारखी दिसते आणि आत रबर संपून तारा उघड्या पडतात. गाडी बसकी, टायर रुंद, त्यामुळे ती कड डोळ्याला दिसतच नाही. मशीन चाकाचा कोन सांगतं. टायर किती उरलाय ते सांगत नाही. ते सांगायला तिथे हात होता, आणि त्या हातात तार घुसली तरी त्याला पत्ता नव्हता.

बाहेर मे महिन्यातलं सव्वा वाजताचं ऊन होतं. अशा उन्हात चांगले टायर फुटतात. हा तर शंभराच्या पुढे पळणार.

"मालक!" अण्णा ओरडले. ते दुकानात ओरडल्याचं बिरदेवनं आजवर ऐकलं नव्हतं. "त्या पिवळ्या गाडीचा नंबर! फोन लावा आधी!"

उदयसिंह काचेच्या खोलीतून बाहेर आले. तार पाहिली, रक्त पाहिलं, आणि काही न विचारता बिलाचा कागद काढून फोन लावला. रिंग गेली, गेली आणि थांबली. पुन्हा लावला. या वेळी पलीकडून कापला. तिसऱ्यांदा बंदच लागला.

"गाडी चालवताना घेत नसेल," उदयसिंह म्हणाले. "थांबेल कुठेतरी जेवायला, तेव्हा लावू."

"थांबंपर्यंत काय भरवसा, मालक?"

अण्णांच्या डोळ्यांपुढे मथुराबाई उभ्या राहिल्या, पाटावर बसल्यागत पाय पसरून बसलेल्या. अय्यो शिवने, त्यांनी मनात कानडीतून शंकराला हाक मारली. या वयाची बाई, वास्तुशांतीला निघालेली, हौसेनं नवं लुगडं नेसून, आणि मी म्हणालो, झकास हाईत.

बिलाच्या कागदाला बार्शीच्या अडतीचं कार्ड टाचलेलं होतं. तिथे फोन लावला. उचलला कोणी सिद्रामप्पा नावाच्या दिवाणजींनी, आणि त्यांना घाई नावाची गोष्ट ठाऊक नव्हती.

"मालक पुण्याला गेल्यात. काम काय?"

"त्यांच्या गाडीचं हाय. त्यांच्या आईंचा नंबर द्या."

"आक्कांचा नंबर? असा कसा देऊ? तुमी कोण?"

"मी टायरवाला बोलतोय हो, सोलापूरचा!" अण्णांचा आवाज फाटला. "त्यांचा जीव धोक्यात हाय, तुमी नंबर द्या!"

दिवाणजींनी दिला. पण चष्मा शोधून, एकेक आकडा दोनदा म्हणून दिला. तेवढ्यात घामानं अण्णांचा सदरा पाठीला चिकटला. रक्तानं फोन हातातून निसटत होता, म्हणून उदयसिंहांनीच नंबर लावून, फोन मोठ्या आवाजावर टाकून मशीनच्या टेबलावर ठेवला. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, तीही उठून जवळ आली.

"हालो? कोन बोलतंय?"

"आक्का, मी बसलिंगप्पा. सोलापूरचा टायरवाला. सकाळी तुमी आला होता की."

"व्हय व्हय. काय राह्यलं का आमचं तितं?"

"काय न्हाय राह्यलं. साहेबांना सांगा, गाडी हळू करा. एकदम ब्रेक मारू नका म्हणावं. हळूहळू बाजूला घ्या."

"पृथ्वी, त्ये टायरवालं अण्णा म्हणत्यात गाडी हळू कर." मग लांबून पोराचा आवाज आला, आणि आक्का म्हणाल्या, "त्यो म्हणतोय का म्हणून."

"कुटं पोचलाय तुमी?"

"मोहोळ मागं पडलं की मघाच."

पुढे एकदम पृथ्वीराजचाच आवाज मोठा झाला. आक्कांनी फोन त्याच्या तोंडाशी धरला असावा. "बोला अण्णा. काय झालं? गाडी एकदम सरळ चाललीय, बोटानं धरली तरी चालतेय."

"साहेब, मागचा टायर आतनं गेलाय. थांबवा."

"अहो, मशीनवर सगळं हिरवं होतं. तुम्ही स्वतः हात फिरवलात. चार महिने बघू नका म्हणालात. आता तासाभरात टायर गेला कसा?"

 उदयसिंह अण्णांकडे बघत होते. बिरदेव बघत होता. ती दोन गिऱ्हाइकंही बघत होती. त्यातला एक जण खास अण्णांच्या हातासाठी अक्कलकोटहून आला होता.

"मशीनमधी जरा..." अण्णांनी सुरुवात केली. मशीनवर ढकलणं सोपं होतं. मशीनला कुठे बायकोपोरं असतात!

"मशीनमध्ये चूक असेल तर पुण्यात दाखवतो मी," पृथ्वीराज म्हणाला. "चारला पूजा आहे. आधीच उशीर झालाय."

मागून गाडीचा आवाज आला. तो चढत होता. अण्णांना तो नीट कळला, कारण कान अजून शाबूत होते.

"साहेब," ते म्हणाले, "मशीन बरोबर हाय. माझा हात गेलाय."

"म्हणजे?"

"माझ्या हाताला काय कळत न्हाय. दीड वर्ष झालं. सकाळी मी नुसता हात फिरवला, मला काय बी लागलं न्हाय, आन तुमाला झकास म्हणून सांगितलं. तुमच्या टायरची तार माझ्या हातात घुसली, ती बी मला कळली न्हाय. आत्ता जेवताना रक्त दिसलं. मी खोटं बोललो, साहेब. तुमी मला परत आल्यावर जोड्यानं मारा. पण आईला घेऊन चाललाय, पाया पडतो, गाडी थांबवा!"

  मग फोनमधून बारीक टिकटिक सुरू झाली. गाडीचा वळायचा दिवा लुकलुकत होता. आवाज उतरत उतरत गेला आणि थांबला. दार उघडल्याचं ऐकू आलं.

"बाहेरून तर नवा दिसतोय," पृथ्वीराज म्हणाला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता.

"भाईरनं बघू नका. भुईला टेका, मोबाइलचा उजेड लावा, आन मागच्या अंगानं आतली कड बघा. हात लावू नका. लई तापलेला आसंल."

वाट बघण्यात किती वेळ गेला कोण जाणे. बिरदेव म्हणतो एक मिनिट. अण्णांना विचाराल तर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

"अण्णा." पृथ्वीराजचा आवाज आला. "तारा आहेत. गोल सगळीकडे तारा बाहेर आल्यात. एका जागी फुगाही आलाय."

 बिरदेवनं अण्णांना पाणी दिलं. 

त्या मापाचा टायर सोलापुरात मिळणार नव्हता, आणि असल्या गाडीत जादा चाक नसतंच. उदयसिंहांनी गाडी उचलून नेणारा ट्रक सांगितला आणि स्वतःची व्हॅन काढली, आईमुलाला पुढे पोचवायला. अण्णा न विचारता शेजारी जाऊन बसले. बिरदेवनं त्यांच्या हाताला फडकं बांधलं होतं.

बाळे गाव मागे पडलं. उदयसिंह रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "दीड वर्ष, अण्णा?"

"व्हय."

"दीड वर्षात किती गाड्या गेल्या असतील?"

"त्याच मोजतोय मालक, दुकानातनं निघाल्यापासनं. मोजता येत न्हाईत."

"मला सांगायचं होतं. मी काय घरी बसवलं असतं तुम्हाला?"

अण्णांना याचं उत्तर माहीत होतं आणि उदयसिंहांनाही. लोक ज्या हातासाठी येतात तो हातच नाही, तर तो माणूस दुकानात करणार काय? उदयसिंहांच्या वडिलांनी अण्णांना कामाला ठेवलं तेव्हा हा मालक शाळेत जात होता. 

"उद्या सगळ्यांना फोन करायचे," उदयसिंह म्हणाले. "या दीड वर्षातली प्रत्येक गाडी परत बोलवायची. फुकट तपासायची. बिरदेव बघेल, आरसा आणि बॅटरी लावून." आणि मग, "तुम्ही टायरला हात लावू नका, अण्णा."

"न्हाय लावत," अण्णा म्हणाले. आणि खिडकीकडे तोंड करून त्यांनी डोळे पुसले. पुसताना डाव्या हाताचा पालथा भाग वापरावा लागला. गाल ओला आहे की कोरडा ते तळव्याला कळेना.

शेटफळच्या अलीकडे पिवळी गाडी कडेला उभी होती. मथुराबाई थोड्या मागे एका कडुलिंबाखाली दगडावर बसल्या होत्या. पृथ्वीराज गाडीपाशी उन्हातच उभा. त्यानं शिवी दिली नाही. नुसता अण्णांच्या फडकं बांधलेल्या हाताकडे बघत राहिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अण्णा चाकापाशी उकिडवे बसले, मान वाकडी करून आत पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी टायर हात पाठीशी धरून पाहिला. तारांचं कडं उन्हात चमकत होतं आणि फुगा सुपारीएवढा झाला होता.

"आणखी किती चालला असता?" पृथ्वीराजनं विचारलं.

"टेंभुर्णी गाठली नसती."

पृथ्वीराजनं आईकडे पाहिलं आणि पटकन तोंड फिरवलं. तोवर उदयसिंहांनी व्हॅन लिंबाच्या समोर आणून लावली. "आक्का, या. पूजेला उशीर होईल, पण पोचवतो."

मथुराबाई उठल्या, पदर सावरला आणि डांबरावरून व्हॅनकडे चालू लागल्या. ऊन असं, की डांबर पायाखाली मऊ लागत होतं. त्या सावकाश, नीट चालत आल्या, चेहऱ्यावर काही नाही. अण्णांची नजर सहज खाली गेली, आणि ते जागच्या जागी थबकले. आक्कांच्या एका पायात चप्पल होती. दुसरी लिंबाखाली राहिली होती.

"आक्का, थांबा! पाय उचला तो! भाजतंय!"

"कुटं?" त्यांनी खाली पाहिलं. "आगं बया. निसटली व्हय कवा?"

अण्णांना पुढे काही विचारावं लागलं नाही. त्यांनी आक्कांना धरून व्हॅनच्या दाराशी टेकवलं, लिंबाखाली जाऊन चप्पल आणली आणि त्यांच्या पायाशी बसले. तळपाय लालभडक झाला होता.

"साखर?" त्यांनी विचारलं.

"नऊ वर्सं झाली. गुडघ्याच्या खाली काय कळत न्हाय बगा. घरात कुनाला म्हाईत न्हाय, पृथ्वी घराभाईर पाय टाकू द्यायचा न्हाय मग." त्यांनी मुलाकडे चोरून पाहिलं, तो ट्रकवाल्याशी फोनवर बोलत होता. "आवं, तुमी कशाला पायाला हात लावताय? वडीलधारं मानूस!"

"तुमी मोठ्या हाय की माझ्यापेक्षा. द्या पाय."

त्यांनी तो पाय मांडीवर घेतला, बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं, सदऱ्याच्या टोकानं टिपला. मग चप्पल चढवू लागले. फडक्यातला तळवा आणि भाजलेला तळपाय. अंगठा चपलेच्या अंगठ्यात गेला की बाहेरच राहिला, त्यांना समजेना.

"बसली का, आक्का?"

"मला काय कळतंय? तुमीच सांगा की."

"मला बी कळत न्हाय."

आक्कांनी त्यांच्या फडकं बांधलेल्या हाताकडे पाहिलं. मग त्यांनी एक हात अण्णांच्या खांद्यावर टेकला, आणि दोघांनीही खाली वाकून नीट पाहिलं.